दोन राजे, तीन प्यादी आणि सगळं ठाऊक असलेला कॉम्प्युटर

१२ डिसेंबर २०२४, सिंगापूर. बुद्धिबळाच्या जागतिक अजिंक्यपदाच्या लढतीतला चौदावा, म्हणजे शेवटचा क्लासिकल (लांब वेळेचा) डाव. भारताचा गुकेश (काळी मोहरी) आणि चीनचा डिंग लिरेन (पांढरी), दोघांचेही साडेसहा गुण. डाव बरोबरीत सुटणार असं बघणाऱ्यांपैकी बहुतेक जण धरून चालले होते. पंचावन्नाव्या खेळीला डिंगने हत्ती एफ२ वर आणला (पटाच्या उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या ओळी १ ते ८) आणि कोण जिंकतंय ते दाखवणारी, स्क्रीनच्या कडेची कॉम्प्युटरची पट्टी एका क्षणात काळी झाली. गुकेशने हत्तींची अदलाबदल केली, मग आपला उंट डी५ वर आणून उंटांचीही करायला लावली. पटावर उरले दोन राजे, डिंगचं एक प्यादं आणि गुकेशची दोन. अठ्ठावन्नाव्या खेळीला डिंगचा राजा ई३ वर आला, गुकेशचा ई५ वर. डिंगने डाव सोडला, आणि अठरा वर्षांचा गुकेश जगज्जेता झाला.

शेवटच्या त्या खेळीत शह नव्हता. काही मारलं नव्हतं, प्यादंही पुढे सरकलं नव्हतं. राजा एक घर चालला, बस. कॉम्प्युटरची पट्टी सांगत होती की पांढरा हरला. का हरला, हे मात्र ती सांगत नव्हती. राजा आणि प्याद्यांच्या एंडगेममध्ये, म्हणजे मोजकेच मोहरे उरलेल्या शेवटच्या टप्प्यात, नेमकी हीच अडचण येते. गणिताच्या पुस्तकात शेवटच्या पानांवर उत्तरसूची असते ना, तसा कॉम्प्युटर उत्तर छापून देतो आणि मधल्या पायऱ्या गाळतो. त्या पायऱ्या त्याच्याकडूनच काढून घेता येतात, पण त्यासाठी प्रश्न नीट विचारावा लागतो.

## राजा खेळायला उतरतो

डावाच्या सुरुवातीला राजा कॅसलिंग करून कोपऱ्यात बसतो. वजीर, हत्ती, उंट, घोडे निघून गेले की त्याला धोका राहत नाही, आणि तोच सगळ्यात कामाचा मोहरा होतो. प्यादं आठव्या ओळीला पोचलं की त्याचा वजीर होतो, म्हणून सगळी झटापट एकाच गोष्टीसाठी चालते: माझ्या प्याद्यासाठी माझा राजा वाट मोकळी करू शकतो का, आणि समोरचा राजा ती अडवू शकतो का.

इथे एक नियम निर्णायक ठरतो, तो म्हणजे पास म्हणता येत नाही. तुमची पाळी आली की खेळी करावीच लागते. मोहरे भरपूर असताना एखादी निरुपद्रवी खेळी करून वेळ काढता येतो. फक्त राजा आणि अडकलेली प्यादी उरली की तशी खेळीच सापडत नाही. जिथे उभं राहायला हवं तिथूनच हलावं लागतं आणि हललं की हरतो. अशा कोंडीला बुद्धिबळात झुगझ्वांग म्हणतात.

## समोरासमोर दोन राजे

दोन राजे एकाच ओळीत, मध्ये एकच घर सोडून उभे असले, तर ज्याची पाळी *नाही* त्याच्याकडे अपोझिशन आहे असं म्हणतात. राजाला राजाच्या शेजारी जाता येत नाही, म्हणून दोघांनी एकमेकांची पुढची तीन घरं अडवलेली असतात. ज्याची पाळी, त्याला बाजू द्यावी लागते.

पट जवळ असेल तर मांडा. पांढरा राजा ई५ वर, पांढरं प्यादं ई४ वर, काळा राजा ई७ वर. काळ्याची पाळी असेल तर पांढरा जिंकतो. काळा डी७ वर गेला की पांढरा एफ६ वर घुसतो, एफ७ वर गेला की डी६ वर. मागे ई८ वर गेला तर पांढरा ई६ वर येतो आणि पुढचं काम सोपं होतं. हीच मांडणी पांढऱ्याच्या पाळीने घ्या. पांढरा डी५ वर गेला की काळा डी७ वर, एफ५ वर गेला की काळा एफ७ वर. आत शिरायला जागाच मिळत नाही. प्यादं रेटत नेलं तरी शेवटी काळ्या राजाला शह नाही आणि खेळीही नाही, अशी स्टेलमेट होते. बरोबरी.

आता यातच एक बदल करा. प्यादं ई४ वरून एक घर मागे, ई३ वर ठेवा. पाळी पांढऱ्याची. प्यादं मागे गेलं म्हणजे वजिरापासून लांब गेलं, मग स्थिती बिघडायला हवी. उलट पांढरा जिंकतो! कारण त्याच्या हातात आता एक फालतू खेळी आली. तो प्यादं ई३ वरून ई४ वर सरकवतो आणि मघाची मांडणी जशीच्या तशी उभी राहते, फरक इतकाच की आता पाळी काळ्याची आहे. राजा पुढे, प्यादं मागे, आणि प्याद्याची खेळी शिल्लक ठेवायची: अनुभवी खेळाडू प्याद्याला घाई का करत नाहीत, ते यावरून कळतं.

कडेच्या दोन पट्ट्यांवरचं, म्हणजे ए किंवा एच वरचं प्यादं याला अपवाद. बचाव करणारा राजा कोपऱ्यात पोचला की त्याला तिथून काढता येत नाही, डाव बरोबरीतच सुटतो. हे एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

## प्यादं पळतंय, राजा पोचेल का

प्यादं सुटलंय आणि राजा मागे लागलाय, तेव्हा एकेक खेळी मोजत बसायची गरज नाही. प्याद्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत जितकी घरं, तेवढ्याच लांबीचा चौकोन राजाच्या बाजूला कल्पायचा. आपल्या पाळीला राजा त्या चौकोनात पाऊल टाकू शकला तर प्यादं सापडतं.

रिचर्ड रेटीने १९२१ मध्ये रचलेली एक स्थिती या चौकोनाची मजा दाखवते. पांढरा राजा एच८, पांढरं प्यादं सी६. काळा राजा ए६, काळं प्यादं एच५. पांढऱ्याची पाळी. काळं प्यादं पुढे पळतंय आणि पांढरा राजा चौकोनापासून दोन खेळ्या मागे आहे. स्वतःचं प्यादं तर काळ्या राजाच्या तोंडाशी. डाव गेल्यात जमा दिसतो, आणि तरी पांढरा बरोबरी करतो. राजा जी७, एफ६, ई५ असा तिरका चालत येतो. बुद्धिबळाच्या पटावर तिरक्या चालीला जास्त वेळ लागत नाही. एच८ वरून पाचव्या ओळीत यायला सरळ आलात तरी तीन खेळ्या, तिरके आलात तरी तीनच. पण तिरकं येताना राजा एकाच वेळी स्वतःच्या प्याद्याकडेही सरकत असतो. काळ्याने सी६ चं प्यादं मारण्यात वेळ घालवला की पांढरा एफ४, जी३ करून एच पट्टीवरचं प्यादं पकडतो. काळ्याने प्यादं पळवलं तर पांढरा डी६ वर जाऊन आपलं प्यादं पार करतो, दोघांचेही वजीर होतात आणि बरोबरी.

इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम, हे क्षणार्धात दाखवतं. माणूस पहिल्यांदा बघतो तेव्हा थोडा वेळ नुसता पटाकडे बघत राहतो.

## कॉम्प्युटरला हे कळतं कसं

दोन अगदी वेगळ्या पद्धतींनी, आणि समोरचं उत्तर कुठल्या पद्धतीने आलंय हे आपल्याला माहीत असलेलं बरं.

पहिली पद्धत म्हणजे शोध. स्टॉकफिशसारखं इंजिन "मी हे केलं, त्याने ते केलं, मग मी..." अशी लाखो वाटा चाचपतं आणि प्रत्येक वाटेच्या टोकाला स्थिती कशी आहे याचा अंदाज आकड्यात मांडतं. स्क्रीनवर +०.८ (पांढरा पुढे) किंवा -२.५ (काळा पुढे) दिसतं ते हेच. मोहरे भरलेल्या पटावर हा अंदाज उपयोगी पडतो. प्याद्यांच्या एंडगेममध्ये मात्र त्याच्यावर फार विसंबू नये. इथे अधलंमधलं काही नसतं: स्थिती एक तर जिंकलेली, नाही तर हरलेली, नाही तर बरोबरीची.

दुसरी पद्धत टेबलबेस. इथे शोध नाही, अंदाज नाही. उत्तरं आधीच काढून ठेवलेली असतात. मातेच्या सगळ्या स्थिती घ्यायच्या, तिथे एका खेळीत पोचवणाऱ्या स्थिती शोधायच्या, मग त्यांच्याही आधीच्या, असं उलटं मागे चालत जायचं. युनिक्स ही संगणकप्रणाली घडवणाऱ्यांपैकी एक, केन थॉम्पसन, यांनी या कामात मोठा वाटा उचलला. आज सात मोहऱ्यांपर्यंतची (दोन्ही राजे धरून) प्रत्येक स्थिती सोडवून झाली आहे. मॉस्को विद्यापीठातला लोमोनोसोव्ह टेबलबेस २०१२ चा, आणि सध्या सर्रास वापरला जाणारा सिझिगी टेबलबेस सात मोहऱ्यांसाठी २०१८ मध्ये पूर्ण झाला. त्यात सुमारे ४२३ लाख कोटी स्थिती आहेत.

एवढा मोठा आकडा ऐकून दडपायला नको. राजा-प्यादं विरुद्ध राजा, या सगळ्यात मूलभूत एंडगेमचा हिशेब आपणही करू शकतो. डावी-उजवी बाजू आरशासारखी असल्याने प्याद्यासाठी २४ घरं, प्रत्येक राजासाठी ६४, आणि पाळी कोणाची याच्या दोन शक्यता. गुणाकार १,९६,६०८. प्रत्येकाला फक्त "जिंकतो" किंवा "जिंकत नाही" एवढंच लिहायचं, म्हणजे सगळं मिळून २४ किलोबाइट. सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येणारं सुप्रभातचं चित्र याहून जड असतं. आणि बघा, त्या गुणाकारात "पाळी कोणाची" हा शेवटचा दोन चुपचाप बसलाय. मघाच्या ई५-ई७ मांडणीचा सगळा निकाल त्यावरच ठरला होता.

## तयार उत्तर नसलेली स्थिती

सात मोहऱ्यांच्या पुढे टेबलबेस संपतो आणि इंजिनला परत शोधावं लागतं. १९०१ ची, लास्कर-राइशहेल्म या नावाने ओळखली जाणारी स्थिती इथे बघण्यासारखी आहे. पांढरा: राजा ए१, प्यादी ए४, डी४, डी५, एफ४. काळा: राजा ए७, प्यादी ए५, डी६, एफ५. एकूण नऊ मोहरे. पांढऱ्याची पाळी.

नीट बघा, एकही प्यादं हलू शकत नाही. सगळी एकमेकांसमोर अडलेली. म्हणजे खेळणार फक्त दोन राजे. पांढऱ्याला आत शिरायला दोनच वाटा: एक सी४ वरून बी५ कडे, म्हणजे ए५ च्या प्याद्यावर, आणि दुसरी उजवीकडून एच४, जी५ अशी एफ५ च्या प्याद्यावर. काळ्या राजाला एकट्यानेच दोन्ही दारं राखायची आहेत.

पांढरा सी४ वर आला की काळा बी६ वर हवा, नाही तर बी५ ला दार उघडं. पांढरा डी३ वर असताना काळा सी७ वरच हवा. तिथून तो बी६ वर एका खेळीत पोचतो, आणि पांढरा उजवीकडे धावला तर चार खेळ्यांत जी६ वरही. बी७ वर असता तर उजवीकडे एक खेळी उशीर झाला असता. याच हिशेबाने पांढरा सी३ वर असेल तर काळ्याची जागा बी७. अशी घरांची जोडी लागत जाते. पांढऱ्याच्या प्रत्येक घराला काळ्याचं एक ठरलेलं घर. काळा आपल्या जोडीच्या घरात असेल आणि पाळी पांढऱ्याची असेल तर बरोबरी. जोडी चुकली की काळा संपला. अपोझिशनचंच हे वाढवलेलं रूप.

पहिली जिंकणारी खेळी एकच, राजा बी१. सगळ्यांच्या हाताला आधी सुचणारी राजा बी२ ही खेळी विजय घालवते, कारण काळा ए८ च्या कोपऱ्यात जातो आणि जोडी जमवतो. दारं बी५ आणि जी५ वर, आणि निकाल ठरतो कोपऱ्यातल्या एका पावलावर! जुन्या बुद्धिबळ प्रोग्रॅमांची परीक्षा घ्यायला ही स्थिती मुद्दाम वापरली जायची. उत्तर फार खोल आहे, पण वेगवेगळ्या वाटांनी त्याच त्या स्थिती परत परत येतात. आधी पाहिलेली स्थिती लक्षात ठेवणारा प्रोग्रॅम ती सोडवायचा, दर वेळी नव्याने मोजायला बसणारा अडकायचा.

## मग कॉम्प्युटरबरोबर बसायचं कसं

इंजिन चालू करण्याआधी कागदावर निकाल लिहा: जिंकलेला, हरलेला की बरोबरी, आणि पहिली खेळी कोणती. हे न करता इंजिन उघडलं की त्याचं उत्तर बघून "हो, मला तेच वाटत होतं" असं मन सांगतं, आणि मन अशा वेळी हमखास खोटं बोलतं.

नंतर इंजिनला पहिला प्रश्न "सर्वोत्तम खेळी कोणती" हा विचारूच नका. स्थिती मांडायच्या पानावर पाळी बदलायचं बटण असतं, ते दाबा. निकाल बदलला का बघा. उदाहरणार्थ पांढरा राजा एफ५, प्यादं ई४, काळा राजा डी४, प्यादं ई५. पांढऱ्याची पाळी ठेवली तर काळा जिंकतो, काळ्याची ठेवली तर पांढरा. दोन्ही राजे समोरच्या प्याद्यावर टपून आपलं राखत आहेत, आणि ज्याला हलावं लागेल त्याचं प्यादं जाईल. पाळी बदलल्यावर निकाल पलटला की समजायचं, इथे झुगझ्वांग आहे आणि सगळी लढत एक खेळी वाया घालवण्याची आहे. निकाल तोच राहिला तर कारण दुसरीकडे शोधायचं, बहुधा धावाधावीच्या मोजणीत.

दुसरा प्रयोग, एकेक मोहरा एक घर सरकवून बघायचा. प्यादं मागे घ्या, राजा बाजूला घ्या, सगळी स्थिती एक पट्टी डावीकडे न्या. निकाल कुठे तुटतो तिथे नियम सापडतो. प्यादं कडेच्या पट्टीवर गेलं की विजय नाहीसा होतो, हे अशा सरकवण्यातूनच पक्कं डोक्यात बसतं.

आणि मग जिंकणारी बाजू घेऊन इंजिनविरुद्ध खेळायचं, पूर्ण ताकदीच्या. ॲपमधला सोपा स्तर इथे निरुपयोगी आहे, कारण तो मुद्दाम मूर्खासारख्या खेळ्या करतो आणि तुमची चुकीची खेळीही जिंकून जाते. सुरुवातीला हे मांडा: पांढरा राजा ई१, प्यादं ई२, काळा राजा ई८, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या जागाच. पांढऱ्याची पाळी असेल तर पांढरा जिंकतो. त्याचा राजा डी४, ई४, एफ४ यांपैकी एका घरात आधी पोचतो, आणि ई२ च्या प्याद्यासाठी तीच तीन घरं निर्णायक. काळ्याची पाळी असेल तर बरोबरी. दोन्ही बाजूंनी खेळून बघा.

## "सगळं सुटलेलंच आहे, तर शिकायचं कशाला?"

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीत महिला विश्वचषक जिंकला. त्या निमित्ताने मुलांना बुद्धिबळाच्या क्लासला घालणाऱ्या पालकांना हा प्रश्न पडला तर नवल नाही. उत्तर सरळ आहे: स्पर्धेत फोन जवळ ठेवायची परवानगी नसते. टेबलबेसमधल्या लाख कोटी स्थिती पाठ होणार नाहीत, पण त्यांच्यामागची पाच-सहा कारणं होतात.

## "कॉम्प्युटर तर चुकत नाही ना?"

टेबलबेस निकालात चुकत नाही. पण त्याने दाखवलेली खेळी शिकण्यालायक असेलच असं नाही. सिझिगी टेबलबेस मातेपर्यंतचं अंतर मोजत नाही. पुढची मार किंवा प्याद्याची खेळी किती लांब आहे ते मोजतो, कारण पन्नास खेळ्यांच्या नियमाचा (तेवढ्या खेळ्यांत मार किंवा प्याद्याची खेळी झाली नाही तर बरोबरी मागता येते) हिशेब तिथून सुरू होतो. त्यामुळे तीन खेळ्या जिंकत असतील तर तो कधी माणसाला विचित्र वाटेल अशी निवडतो. तिथे आपल्याला समजणारी दुसरी जिंकणारी खेळी शोधावी.

बचावातही एक खोट आहे. बरोबरीच्या स्थितीत इंजिनला सगळ्या बरोबऱ्या सारख्याच, ०.००. कुठल्या वाटेने गेलं तर समोरचा माणूस गोंधळेल, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. क्लबातला एखादा मुरलेला काका तुम्हाला जितका छळेल तितका तो छळणार नाही. म्हणून इंजिनबरोबर सराव झाल्यावर तीच स्थिती माणसाबरोबर खेळावी, घड्याळ लावून.

## "माझ्या डावात हे येतच नाही"

नवखे खेळाडू असं म्हणतात कारण त्यांचे डाव त्याआधीच संपतात. पण खरी गोष्ट वेगळी आहे. प्याद्यांची एंडगेम पटावर येते तेव्हा निर्णय आधीच झालेला असतो. डिंगने राजा आणि प्याद्यांच्या खेळात काही चूक केली नाही. त्याची चूक हत्ती आणि उंट पटावर असतानाची, अदलाबदल झाल्यावर काय उरेल याच्या हिशेबातली. समोरच्याने शेवटचा हत्ती किंवा उंट बदलायचा प्रस्ताव ठेवला की त्याच क्षणी ते मोहरे मनातल्या मनात उचलून बाजूला ठेवायचे आणि उरलेल्या पटावर विचारायचं: राजे कुठे आहेत, प्याद्याची फालतू खेळी कोणाकडे आहे, आणि पाळी कोणाची. तिन्ही उत्तरं मिळाल्याशिवाय हत्तीला हात लावू नये.